पताकांपासून सहा हात

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळची ७.४० ची बस चार मिनिटं उशिरा. ड्रायव्हर नवा दिसतो, वळण संपल्यावर ब्रेक दाबतो. ८.०५ ची वेळेवर. ८.३० ची आलीच नाही.

आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

७.४० ची सहा मिनिटं उशिरा. मी गॅलरीतून तसं मोठ्यानं म्हणालो, तर ही आतून म्हणाली, "निवृत्त तुम्ही झालात, बस नाही झाली. जाऊ द्या तिला तिच्या मनानं."

एकतीस वर्षं बस चालवली, गाडीला एक ओरखडा नाही. आता खुर्ची टाकून दुसऱ्यांच्या गाड्यांचे ओरखडे मोजतो. मुलगा जहाजावर असतो. त्यानं फोनवर सांगितलं, बाबा, डायरी लिहा, बरं वाटेल. लिहितोय. अजून तरी बरं वाटलेलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

आज घरात कुणी कुणाशी बोलत नाहीये.

आमची नात अकरा वर्षांची. एका जागी टिकत नाही म्हणून घरात तिला सगळे भिंगरी म्हणतात. आज तलावावर तिची मेडलेची शर्यत होती. मेडले म्हणजे एकाच शर्यतीत पोहण्याचे चार प्रकार: आधी बटरफ्लाय, मग बॅकस्ट्रोक, मग ब्रेस्टस्ट्रोक, शेवटी फ्रीस्टाइल. एकेकाची एक फेरी, क्रम बदलायचा नाही. भिंगरी पहिल्यापासून पुढे. मी आणि ही बाकावर उभं राहून ओरडत होतो, आमच्यामागच्या लोकांना काही दिसत नव्हतं, पण तो त्यांचा प्रश्न.

ब्रेस्टस्ट्रोकची फेरी संपताना दोन्ही हात भिंतीला एकदम लागले पाहिजेत, असा नियम आहे. भिंगरीचा उजवा लागला. डावा वळायच्या घाईत आधीच निघून गेला होता. त्या टोकाला उभ्या असलेल्या पंच बाईंनी हात वर केला. भिंगरी शर्यतीत पहिली आली आणि बाद झाली.

त्या पंच बाई म्हणजे आमची सूनबाई. भिंगरीची सख्खी आई. शाळेत भूगोल शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी तलावावर पंच म्हणून उभी राहते. 

भिंगरीनं घरी येऊन पोहण्याचा पोशाख कपाटावर फेकला. "परत पाण्यात पाय घालणार नाही," म्हणाली आणि दार लावून घेतलं. 

१० फेब्रुवारी, सोमवार

सूनबाई वह्या तपासत होती. मला राहवेना. म्हटलं, "काय बिघडलं असतं? टीचभर हात तो."

"बाबा, माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर?"

"दुसऱ्या कुणाचं सोड. तू आई आहेस."

तिनं लाल पेनाला टोपण लावलं आणि आत गेली. मला वाटलं, आपण जिंकलो. तेवढ्यात भाजी निवडता निवडता ही म्हणाली, "तो दिवस आठवतो का? मी बाळाला कडेवर घेऊन तुमच्या बसमागे धावत होते. तुम्ही आरशात पाहिलंत मला."

"पाहिलं होतं."

"आणि वेळ झाली म्हणून बस काढलीत."

"ते वेगळं. बसमध्ये चाळीस माणसं होती."

"तलावात आणखी पाच मुली होत्या," ही म्हणाली आणि भाजी घेऊन आत गेली. किती वर्षांपूर्वीची गोष्ट. बायका काही विसरत नाहीत.

१६ फेब्रुवारी, रविवार

७.४० वेळेवर.

भिंगरी आठवडाभर शाळेतून येते, जेवते, खोलीत बसते. आईशी हो-नाही एवढंच. आज मी तिच्या खोलीत जाऊन बसलो. म्हटलं, "अगं, एकदा बाद झालं म्हणून कुणी पोहणं सोडतं का?"

"तुम्हाला काय माहीत बाद झाल्यावर कसं वाटतं? तुम्हाला कुणी कधी बाद केलंय?"

खरंच नव्हतं केलं. आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, "मी उतरतो मेडलेला. साठीच्या वरचा गट असतो ना? ज्या दिवशी माझ्यावर एकही हात वर न होता मी चारही फेऱ्या पुऱ्या करीन, त्या दिवशी तू परत नाव घालायचंस. आहे कबूल?"

ती माझ्या पोटाकडे बघत राहिली. "आजोबा, त्यात बटरफ्लाय असतं."

"असू दे."

"स्टिअरिंगची शपथ?"

"स्टिअरिंगची शपथ."

आठवड्यात पहिल्यांदा ती हसली. मी लहानपणी नदीत पोहायचो, त्यात बटरफ्लाय नव्हतं. काय करून बसलो कोण जाणे.

२ मार्च, रविवार

अंग असं दुखतंय की पेन धरवत नाही.

भिंगरी काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत, फ्रॉक घालून, हातात नियमांचं पुस्तक. पाण्यापासून चांगली दोन हात लांब बसते. तिथूनच हुकूम सोडते. "दोन्ही हात एकदम बाहेर! पाय वेगवेगळे नाही मारायचे! आजोबा, हे बटरफ्लाय नाही, ही बुडणाऱ्या माणसाची हाक आहे!" बाजूच्या लेनमधली माणसं पोहायची थांबून बघतात.

शेवटच्या फेरीत दम संपला. म्हटलं फ्रीस्टाइल म्हणजे मनाला येईल तसं, म्हणून मी ब्रेस्टस्ट्रोकवर आलो, तो मला त्यातल्या त्यात जमतो. लगेच खुर्चीतून आवाज, "बाद! मेडलेत शेवटी पहिल्या तिन्हींतलं काही चालत नाही." 

ही कसली मोकळीक! पण घरी येताना भिंगरी सगळा रस्ता बडबडत होती, आणि मला दोन वेळचं जेवण एकदम गेलं.

आज ७.४० बघायची राहिली.

११ मार्च, मंगळवार

सूनबाई आणि भिंगरी हल्ली रोज पहाटे फिरायला जातात. मायलेकींचं बोलणं पुन्हा सुरू झालेलं दिसतंय. मी काढलेल्या तोडग्याचाच हा परिणाम, दुसरं काय. बरं वाटलं.

दोरीवर भिंगरीचा पोहण्याचा पोशाख वाळत होता. वापरत नाही तरी सूनबाई धुऊन ठेवते. हिला म्हटलं, आपल्या घरातल्या बायकांना धुण्याचं वेड आहे. ही म्हणाली, "आहे खरं," आणि तोंडाला पदर लावून आत पळाली. हसण्यासारखं काय होतं त्यात?

२३ मार्च, रविवार

झालो बाद!

सविस्तर लिहितो. ज्येष्ठांच्या गटात आम्ही चौघं. मी लेन दोन. बटरफ्लायची फेरी कशीबशी काढली, भिंतीला दोन्ही हात एकदम लावले, इतके जोरात की मनगटं अजून ठणकताहेत. मग बॅकस्ट्रोक. पाठीवर पोहायचं, भिंत मागून येते, दिसत नाही. आणि भिंत जवळ आली असं वाटताच मी वळून मागे पाहिलं. मग भिंतीला हात लावला, ब्रेस्टस्ट्रोक, फ्रीस्टाइल, सगळं शिस्तीत. शेवटून पहिला आलो. वर बघतो तर सूनबाईचा हात वर.

तिच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: लेन २, बॅकस्ट्रोक संपताना, भिंतीला स्पर्श होण्याआधी खांदा उभ्या रेषेपलीकडे. शाळेच्या वहीत शेरा लिहावा तसं अक्षर.

मी म्हटलं, "मान वळली, त्यात काय एवढं?"

"मान वळली तर चालतं, बाबा. तुमचा मानेबरोबर खांदाही वळला."

वळणारच. एकतीस वर्षं मी मागे न बघता गाडी मागे घेतलेली नाही. आरसा असला तरी मान बाहेर काढून, खांद्यासकट वळून बघायचं, तेव्हा कुठे ओरखडा टळतो. ज्या सवयीनं जन्मभर वाचवलं, तिनंच आज बुडवलं.

राग आला होता, अपमान वाटत होता, सगळ्या तलावासमोर सुनेनं सासऱ्याला बाद केलं. पण भिंगरी इतकी हसत होती की तिला उचकी लागली. "आजोबा, कसं वाटतं?" तिनं विचारलं. म्हटलं, "घाण वाटतं." तिनं माझा ओला हात धरला आणि म्हणाली, "हो ना? मलाही." मग आम्ही दोघं बाकावर बसून राहिलो. थोड्या वेळानं सूनबाईनं येऊन माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि पुढच्या शर्यतीला निघून गेली.

२६ मार्च, बुधवार

शेवटी मीच सूनबाईला विचारलं, भिंत दिसत नाही तर लोक करतात तरी काय?

"पताका कशाला लावल्यात मग?"

तलावावर दोन्ही टोकांना, पाण्याच्या वर, रंगीत पताकांची दोरी ताणलेली असते. मी तिला महिनाभर सजावट समजत होतो. तिला तसं सांगितलं. ती एवढी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. आमच्याकडे आल्यापासून चौदा वर्षांत माझ्यासमोर ती असं हसली नव्हती.

पताका भिंतीपासून बरोब्बर पाच मीटरवर असतात. डोक्यावरून गेल्या की हात मोजायचे. ज्याचे जेवढे भरतील तेवढे. शेवटचा हात लांब टाकायचा, तो भिंतीला लागतो. "मागे बघायचं नाही, बाबा. मोजायचं आणि विश्वास ठेवायचा." 

हे सांगायला सोपं आहे.

६ एप्रिल, रविवार

टाळूवर टेंगूळ. पाच हातांवर थांबलो तर भिंत लांब राहते, सात टाकले तर डोकं आदळतं. माझे सहा भरतात. भिंगरीनं पुस्तकाच्या मागे लिहून घेतलं: आजोबा, ६.

भिंगरीच्या केसांना हल्ली तलावाच्या औषधाचा वास येतो. माझ्याजवळ बसून बसून लागला असणार. हिला म्हटलं, तर ही म्हणाली, "लागतो हो वास असा. मलाही लागला असेल, बघा." आणि पुन्हा पदर तोंडाला. या बाईला झालंय काय?

२० एप्रिल, रविवार

आज कंडक्टर घरी आला. बावीस वर्षं तो माझ्या बसवर होता. त्याला नाव आहे, पण मी कधी घेतलं नाही, तोही मला ड्रायव्हरच म्हणतो. गाडी मागे घेताना तो खाली उतरून मागे उभा राहायचा आणि पत्र्यावर थाप मारत राहायचा. थाप चालू आहे तोवर येऊ द्या, थाप थांबली की थांबा. त्याच्या थापेवर मी डोळे मिटून गाडी मागे घेतली असती. घेतली नाही, ते वेगळं.

आम्हा दोघांच्या डोक्यात एकदमच आलं. तो भिंतीजवळ कठड्यापाशी बसेल, मी पताकांखाली आलो की कठड्यावर थाप मारायला लागेल, थाप थांबली की मी हात लांब टाकायचा. बावीस वर्षांची सवय, चुकायचा प्रश्नच नाही! आम्ही चहाच्या टेबलावर तालीमसुद्धा केली. कप हिंदकळले.

भिंगरी दारात उभी होती. म्हणाली, "आजोबा, हे नाही चालणार."

"कोणाला कळणार आहे?"

"कळण्याचा प्रश्न नाही. बाहेरून इशारा द्यायचं ठरवून ठेवणं नियमात बसत नाही." पुस्तक उघडून तिनं ओळीवर बोट ठेवलं.

म्हटलं, "अगं, मी एकदाचा पार पडलो तर तूच पाण्यात जाणार आहेस ना? तुझ्यासाठीच चाललंय हे."

ती लाल झाली. "असं पार पडलात तर मी नाही जाणार. मग मी कशाला झाले बाद?"

कंडक्टर खाली बघायला लागला. मीही. अकरा वर्षांच्या पोरीनं आम्हा दोघांचं तिकीट फाडलं. ती गेल्यावर कंडक्टर म्हणाला, "ड्रायव्हर, हिला आपल्या वेळी इन्स्पेक्टर केलं असतं तर आपली काही खैर नव्हती."

पण तिचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही. हुबेहूब आईचा.

४ मे, रविवार

सरावात आठपैकी सात वेळा बरोबर. आठव्या वेळी मागे बघितलं. 

भिंगरीच्या डोळ्यांभोवती गोल वळ उमटलेत. सूनबाई म्हणाली, उशीवर तोंड दाबून झोपते. दोन्ही डोळ्यांवर सारखे? डॉक्टरला दाखवायला हवं, असं मी म्हटलं, तर घरातल्या तिन्ही बायका एकदम "नको" म्हणाल्या.

पुढच्या रविवारी स्पर्धा. खरं सांगायचं तर भीती वाटते. मी पुन्हा बाद झालो तर पोर पुढच्या स्पर्धेपर्यंत कोरडीच राहणार, आणि पुढची स्पर्धा दिवाळखोर माणसाच्या वायद्यासारखी लांबलेली, पार सहा महिन्यांनी. सहा महिन्यांत या वयाची मुलं पोहणं विसरून दुसरंच काही धरतात. माझ्या एका खांद्यावर सगळं येऊन थांबलंय.

११ मे, रविवार

दमलोय, पण आजच लिहायचं.

लेन तीन. माझ्या टोकाला पंच पुन्हा सूनबाईच. सकाळी म्हणाली, "बाबा, मी दुसरी लेन मागून घेऊ का?" मी म्हटलं, "नको. तू हात वर केला नाहीस तरच मला खरं वाटेल." तिनं डोळे पुसल्यासारखं केलं. तलावावर औषध फार टाकतात, झोंबतं.

कंडक्टर कठड्यापाशी बसला होता. दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून. चुकून थाप पडायला नको म्हणून.

शिट्टी झाली. बटरफ्लाय बऱ्यापैकी, निदान बुडणाऱ्याची हाक वाटली नसेल. दोन्ही हात भिंतीला. पाठीवर वळलो. वरती छत, छताला दिवे, एक दिवा बंद. मग पताका आल्या. लाल, पिवळी, निळी, डोक्यावरून गेल्या.

एक. दोन. तीन. चार. पाच. सहा लांब टाकला.

भिंत नाही!

दमलो होतो, हात आखूड पडत होते, हे आता कळतंय. तेव्हा फक्त एवढंच कळलं की भिंत कुठेतरी मागे आहे आणि मला ती दिसत नाही. मानेची शीर न् शीर वळायला बघत होती. एकतीस वर्षं मागे खेचत होती. आणि तेव्हा मला भिंगरी आठवली नाही, शर्यत आठवली नाही. मांड्यांखाली हात दाबून बसलेला कंडक्टर आठवला. म्हटलं, तो बिचारा गप्प बसलाय, तर आपणही बसावं. छताकडे बघत सातवा हात टाकला.

बोटं भिंतीच्या फरशीला लागली. इतका आनंद मला पहिल्या पगाराच्या दिवशीही झाला नव्हता.

ब्रेस्टस्ट्रोक, दोन्ही हात. फ्रीस्टाइल. बाकीचे तिघं केव्हाच बाहेर येऊन टॉवेल गुंडाळून उभे होते आणि टाळ्या वाजवत होते. मी भिंत धरली आणि वर बघायचा धीर होईना. मग बघितलं. सूनबाईचे दोन्ही हात पाठीमागे, एकमेकांत घट्ट अडकवलेले.  हात वर झाला नव्हता.

चौघांत चौथा. मला वर ओढून काढायला दोन माणसं लागली. भिंगरी धावत आली आणि मला ओल्यालाच मिठी मारली. मी धापा टाकत म्हटलं, "चल, आता बोलल्याप्रमाणे कर. पुढच्या स्पर्धेला नाव घालायचं."

"पुढच्या कशाला?" ती म्हणाली. "माझी रेस वीस मिनिटांनी आहे."

तिनं फ्रॉक डोक्यावरून काढला. आत पोहण्याचा पोशाख. गॉगल डोळ्यांवर चढवला, तो बरोब्बर त्या वळांवर बसला.

माझ्या डोक्यात एकेक दिवा लागत गेला. दोरीवरचा पोशाख. केसांचा वास. पहाटेचं फिरणं. हिचा पदर. 

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुम्ही सुरू केलंत त्याच्या दुसऱ्याच आठवड्यापासून. आई शिकवते पहाटे. दोन्ही हातांचं."

"मग मला सांगितलं का नाही? मी कशासाठी टेंगळं आणली डोक्यावर?"

भिंगरी आईकडे बघायला लागली. सूनबाई चिठ्ठ्यांकडे बघायला लागली. शेवटी ही पुढे आली आणि माझ्या खांद्यावर टॉवेल टाकत म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा गॅलरीत जाऊन बसला असतात."

 तीन महिने मी समजत होतो की पोरीला पाण्यात परत नेतोय. आणि या तिघी मला नेत होत्या. रडू आलं, पण मी आधीच ओला होतो, कुणाला कळलं नाही.

भिंगरीच्या शर्यतीला मी, ही आणि कंडक्टर बाकावर उभे राहिलो. ब्रेस्टस्ट्रोकची भिंत आली. दोन्ही हात, एकदम, सपाट, तळवे पसरून. सगळ्या तलावाला दिसावेत असे. त्यात तिचा क्षणभर वेळ गेला आणि ती दुसरी आली. बाहेर येऊन पहिल्यांदा तिनं आईकडे बघितलं. आईनं पंचाचं तोंड करून मान फक्त एकदा हलवली. भिंगरीला तेवढं पुरलं. कंडक्टरनं आता खाली उतरून कठड्यावर थाप मारायला सुरुवात केली, ती काही केल्या थांबेना. शेवटी मुख्य पंचांनी येऊन त्याला खाली बसवलं.

१२ मे, सोमवार

पहाटे साडेपाचला भिंगरीनं उठवलं. "आजोबा, सातवा हात का लागला, ते बघायचंय." मायलेकी दारात पिशव्या घेऊन उभ्या होत्या. तिघं मिळून गेलो. सातव्या वेळी सूनबाईनं सांगितलं, दमल्यावर उजवा खांदा आखडतो, तो सोडवायला हवा. वेळ लागेल म्हणाली.

घरी आलो तेव्हा सव्वाआठ वाजले होते. ७.४० ची वेळेवर आली का, ते कळलं नाही.